अंगठा, यादी आणि एकशे सत्तर रुपये

यवतमाळ जिल्ह्यातलं मुकुटबन हे झरी-जामणी तालुक्यातलं बाजाराचं गाव. माजरीहून आदिलाबादकडे जाणारा रेल्वेमार्ग गावाला लागून जातो, परिसरात कोळसा निघतो, अलीकडे सिमेंटचा मोठा कारखानाही उभा राहिला आहे. तरी भोवतालच्या बहुतेक घरांचं वर्ष अजून कापूस, सोयाबीन, तूर आणि मजुरी यांवरच ठरतं. मुख्य रस्ता सोडून आत गेलं की कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. या टापूतल्या जवळजवळ प्रत्येक घरात सरकारी मदतीचा कुठला ना कुठला धागा पोचलेला आहे: कंट्रोलचं धान्य, निराधारचा पगार, लाडक्या बहिणीचे पैसे, पीएम किसानचा हप्ता, रोजगार हमीची मजुरी.

या धाग्यांची दुसरी टोकं मात्र एकसारखी नाहीत. पिवळ्या कार्डावरच्या अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. त्याच गावात, बांधाला बांध लागून असलेल्या, अन्नसुरक्षेच्या यादीबाहेरच्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला धान्याचा एक दाणाही मिळत नाही. त्याच्या घरात माणशी १७० रुपये महिना बँकेत जमा होतात. गरज एकच, भूक एकच. पण एकाला सरकार सांगतं की हे घे आणि शिजवून खा, आणि दुसऱ्याला सांगतं की हे पैसे घे आणि तुझं तू बघ. यांपैकी कोणत्याही घराला, तुम्हाला काय हवं आहे, असं कधी विचारलेलं नाही.

गरिबाला दिलेली मदत त्याने कुठून, कशी उचलायची आणि कशावर खर्च करायची हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न जगभर वादाचा आहे. बहुतेक चर्चा एका भीतीभोवती फिरते: रोख दिली तर ती उधळली जाईल. विदर्भाचा गेल्या वीस वर्षांचा अनुभव वेगळंच काही सांगतो. इथे मदत उधळली गेल्याची उदाहरणं शोधावी लागतात. मदत दारातच अडल्याची उदाहरणं मात्र प्रत्येक गावात सापडतात.

१७० रुपयांची गोष्ट आधी नीट सांगायला हवी. २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी एक विशेष योजना आणली. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, असे हे जिल्हे. यवतमाळ त्यात अर्थातच होता. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत न बसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ, माणशी ५ किलो द्यायचं ठरलं. काही वर्षं ते चाललं. मग भारतीय अन्न महामंडळाकडून या योजनेसाठी धान्य मिळणं बंद झालं आणि २८ फेब्रुवारी २०२३च्या शासन निर्णयाने धान्याच्या जागी माणशी १५० रुपये आले. पुढच्या वर्षी त्याचे १७० झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याचे ८५० रुपये.

५ किलोंवर भागले तर हे किलोमागे ३४ रुपये होतात. गव्हाच्या हमीभावाशेजारी ठेवला तर आकडा फार लहान वाटत नाही. पण मुकुटबनच्या किराणा दुकानात हमीभावाने गहू मिळत नाही, आणि हमीभाव दरवर्षी वाढतो तसे हे १७० रुपये आपोआप वाढत नाहीत. धान्य मिळणाऱ्या घराचे ५ किलो बाजारात काहीही झालं तरी ५ किलोच राहतात. रोख मिळणाऱ्या घराचे ५ किलो बाजार ठरवतो. रोखीत स्वातंत्र्य आहे हे खरं. पण भाववाढीचा भार सरकारच्या खांद्यावरून उतरून शेतकऱ्याच्या खांद्यावर आला, हेही तितकंच खरं आहे. ज्या जिल्ह्यांची निवडच शेतकऱ्याच्या हलाखीमुळे झाली, त्याच जिल्ह्यांत असं व्हावं हे वाईट आहे.

वस्तू द्यावी की पैसा, हा झगडा महाराष्ट्राला नवा नाही. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी राज्यभर पसरली, पुढे तिचा कायदा झाला, तेव्हापासून मजुरीचा काही भाग धान्यात द्यावा का, यावर वाद होत आले. २००१ साली केंद्राने सुरू केलेल्या संपूर्ण ग्रामीण रोजगार योजनेत तर दिवसाच्या मजुरीत ५ किलो धान्य आणि किमान २५ टक्के रोख असं सूत्रच घातलं होतं. दुष्काळात, बाजारात धान्यच नसताना, हातावर धान्य पडणं मजुराला रोखीपेक्षा मोलाचं वाटू शकतं. बाजार भरलेला असताना तीच पद्धत त्याला अडचणीची होते, कारण घरात पोतं असलं तरी औषधाला पैसे नसतात.

आदिवासी भागात याहून जुनी योजना म्हणजे खावटी. पावसाळ्यात काम नसतं, पीक हाती आलेलं नसतं, त्या महिन्यांत आदिवासी कुटुंबाने सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून १९७८पासून हे कर्ज दिलं जाई. निम्मं वस्तूंत, निम्मं रोख. कोरोनाच्या वर्षी, सप्टेंबर २०२०मध्ये, राज्याने ती योजना अनुदान म्हणून पुन्हा आणली. साडेअकरा लाखांवर कुटुंबं, कुटुंबामागे ४,००० रुपये. त्यांतले २,००० खात्यात आणि २,००० रुपयांच्या वस्तू. यादी मंत्रालयात ठरली: मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीद डाळ, तूर डाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरची पूड, मीठ, चहा. यादीतली एकही वस्तू वाईट नव्हती. पण ज्या तालुक्यात तूर घरच्या शेतात पिकते तिथे तूर डाळीचं पाकीट आणि जिथे तेलमीठ उधारीवर येतं तिथे गरम मसाला, हे कोणी कोणासाठी ठरवलं? त्याहून मोठी अडचण वेळेची होती. खरेदी, निविदा, वाहतूक या वाटेने जाणारा किराणा बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षी पोचला. भुकेचा पावसाळा २०२०चा होता. यादीतून होणारी खरेदी ठेकेदाराच्या वेळापत्रकाने चालते, घरच्या चुलीच्या नाही, आणि आदिवासी विकास विभागात खरेदीतून काय काय घडू शकतं हे न्या. एम. जी. गायकवाड समितीच्या २०१७च्या अहवालाने राज्यासमोर मांडलेलंच आहे.

वस्तूंच्या मदतीचं याहून बोलकं उदाहरण गाईंचं. २००५ आणि २००६मध्ये विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्याचं आणि पाठोपाठ पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं. जोडधंदा म्हणून निम्म्या अनुदानावर दुभती जनावरं देण्यात आली. यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात जास्त दुधाच्या गाईला लागणारा चारा, ढेप आणि पाणी कोणाकडे होतं? दूध घेणारी डेअरी किती गावांत होती? पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहिलं की काही कुटुंबांनी गाय नको म्हणून विनवलं, काहींनी ती पदरचे पैसे घालून पोसली, काहींनी ती दुसऱ्याला देऊन टाकली. त्याच रकमेची बैलजोडी किंवा बियाणं घेण्याची मुभा असती तर कित्येकांनी वेगळा निर्णय घेतला असता. गाय निवडली होती ती जिल्ह्याबाहेरच्या टेबलावर.

पैसे रोख दिले म्हणजे हात मोकळा, असंही नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरची बाई याची साक्ष आहे.

शेतकऱ्याने जीव दिला आणि जिल्हा समितीने प्रकरण पात्र ठरवलं तर वारसाला १ लाख रुपयांची मदत मिळते. पात्र ठरायला नावावर सातबारा हवा, कर्ज हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. ज्याने कर्ज सावकाराकडून घेतलं आणि ज्याच्या बापाच्याच नावावर शेती राहिली, त्याचं मरण कागदावर शेतकऱ्याचं मरण ठरणं अवघड. हे सगळं ओलांडून मदत मंजूर झाली की २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयाची विभागणी लागू होते: ३० हजार रुपये हातात आणि ७० हजार पोस्टाच्या किंवा बँकेच्या मासिक उत्पन्नाच्या ठेवीत. त्या वेळच्या ८ टक्के दराने ७० हजारांवर महिन्याला साधारण ४६७ रुपये व्याज येई.

या बंधनामागे विचार नव्हता असं म्हणता येणार नाही. नवरा गेलेल्या बाईच्या दारात तेराव्याच्या आत सावकार येतो, कृषी केंद्रवाला उधारीची वही घेऊन येतो, सासरचे लोक रकमेकडे डोळे लावून बसतात. ठेव नावावर अडकली तर निदान ती तरी हिरावली जात नाही, आणि दरमहा मिळणारी रक्कम लहान असली तरी ठरलेली असते. ज्या घरात बाईला स्वतःच्या हाताने व्यवहार करू दिला जात नाही तिथे हे कुंपण खरोखर आधाराचं ठरलं असेल. पण त्याच बाईला जून महिन्यात पेरणी करायची असते. बियाणं, खत, मजुरी यांसाठी तिला पुन्हा कर्ज काढावं लागतं, तेही कदाचित महिन्याला शेकडा तीन-पाच टक्क्यांनी, आणि तिचे स्वतःचे ७० हजार ८ टक्क्यांवर पोस्टात बसलेले असतात. दोन्ही परिस्थिती खऱ्या आहेत. कोणत्या घरात कोणती, हे त्या बाईपेक्षा जास्त कोणालाच ठाऊक नाही, आणि निर्णयाच्या वेळी तिला पर्याय नाही. त्यातच १ लाख हा आकडा २००६पासून तसाच आहे. त्या वर्षी त्यात जेवढं येई त्यापेक्षा कितीतरी कमी आज येतं.

महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या संघटनेने २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. विधवा म्हणून मिळणारं निवृत्तिवेतन त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश जणींनाच मंजूर झालेलं होतं, आणि बऱ्याच जणींना अशी योजना आहे हेच माहीत नव्हतं. शेताच्या हक्कापासूनही बऱ्याच जणी वंचित होत्या. पैसे कशावर खर्च होतील याची चिंता करण्याआधी पैसे पोचतात का, ही चिंता करावी लागते ती अशा आकड्यांमुळे.

उधळपट्टीच्या भीतीमागे यवतमाळात एक शब्द हमखास असतो: दारू. ही भीती पोकळ नाही. या जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, स्वामिनी अभियान गावागावात पोचलं. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५पासून बंदी आली आणि २०२१मध्ये उठली. त्या काळात यवतमाळातल्या वणीच्या बाजूने नदीपलीकडे दारू जाणं हा उघड धंदा झाला होता. मजुरीचा पैसा संध्याकाळी गुत्त्यावर जातो हे इथल्या बाईने भोगलेलं वास्तव आहे. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की दारूबंदी मागणारी बाई आणि मदतीची लाभार्थी बहुतेक वेळा एकच आहे. तिच्या हातात आलेला पैसा दारूत जाईल म्हणून तिच्यावर यादी लादणं म्हणजे ज्याच्याविरुद्ध ती लढते त्याची शिक्षा तिलाच देणं.

पुरावाही तिच्याच बाजूने आहे. २०११-१२मध्ये मध्य प्रदेशात सेवा संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये बिनशर्त दिले, पुढे ते ३०० आणि १५० झाले. वेगळा प्रयोग एका आदिवासी गावातही झाला. लोकांनी अन्न सुधारलं, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बियाणं-खत वेळेवर आणलं, मुलांच्या शाळेवर खर्च केला. दारूचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं आढळलं नाही.

तरीही बंधनांचा मोह श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही. अमेरिकेत १९३९ साली अन्नाची कुपनं सुरू झाली तेव्हा ती दोन रंगांची होती. नारिंगी कुपनं विकत घ्यायची आणि त्याबरोबर निळी फुकट मिळायची, पण निळ्या कुपनांवर सरकारने जादा ठरवलेलाच माल घेता येई. आज ती मदत कार्डावर मिळते. त्या कार्डाने दुकानातून घरी नेऊन खायचं अन्न घेता येतं, भाजीची रोपं आणि बियाणंही घेता येतं, पण गरम शिजवलेलं अन्न नाही, साबण नाही, बाळाचे लंगोट नाहीत. २०२५मध्ये नेब्रास्का राज्याने या कार्डावर सोडा आणि एनर्जी ड्रिंक बंद करण्याची परवानगी केंद्राकडून मिळवली आणि मागोमाग इतर राज्यं आली. कॅन्ससने २०१५मध्ये याच्याही पुढे जाऊन रोख मदत कार्डातून दिवसाला २५ डॉलरपेक्षा जास्त काढता येणार नाही असा कायदा केला होता. एटीएमचं दर वेळचं शुल्क गरिबाच्याच खिशातून जाणार, हे लक्षात आल्यावर ती मर्यादा मागे घ्यावी लागली.

झरी-जामणीच्या वाचकाने जास्त बारकाईने पाहावं ते ऑस्ट्रेलियाकडे. २००७मध्ये तिथल्या सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या मूळनिवासी वस्त्यांत लोकांच्या सरकारी मदतीचा निम्मा भाग अडवून ठेवला आणि तो फक्त ठरलेल्या दुकानांत, ठरलेल्या वस्तूंसाठी वापरायला लावला. हे करण्यासाठी देशाचा वंशभेदविरोधी कायदा त्या भागापुरता स्थगित ठेवावा लागला. २०१६मध्ये आणखी काही ठिकाणी दुसरं कार्ड आलं. त्यात ८० टक्के रक्कम अडकवलेली असे. दोन वर्षांनी तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की या कार्डाने दारू आणि जुगाराचं नुकसान कमी झालं का, हे उपलब्ध माहितीवरून ठरवताच येत नाही. २०२३च्या मार्चमध्ये ते कार्ड बंद झालं. आदिवासीला पैसा सांभाळता येत नाही, हे गृहीत धरूनच त्या योजनेची सुरुवात झाली होती. महाराष्ट्रात असा कायदा कोणी केलेला नाही. पण पोडावरच्या माणसाबद्दल तसंच बोललेलं इथल्या कार्यालयांत सहज ऐकू येतं.

कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की अशा समूहांतल्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड मिळालं पाहिजे. म्हणजे पोडावरच्या घराला ३५ किलोंचा हक्क वीस वर्षांहून जुना आहे. ते धान्य बहुतेक वेळा गहू-तांदूळच असतं. या भागातलं जुनं जेवण ज्वारीच्या भाकरीचं, आणि कापूस-सोयाबीनने ज्वारीचं शेत कधीच गिळलं. नको असलेला तांदूळ गावोगाव फिरणारे व्यापारी घेऊन जातात, आणि मग कार्ड रद्द करण्याचे इशारे निघतात. तांदूळ विकणारं घर बेइमान आहे, असं ठरवण्यापूर्वी त्या घराला ज्वारी का मिळत नाही हे विचारलं पाहिजे. यादी चुकली की लोक ती बाजारात जाऊन दुरुस्त करतात.

खर्चावरच्या बंधनांपेक्षा आज जास्त जाच आहे तो मदत उचलण्यावरच्या बंधनांचा. कंट्रोलच्या दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागला पाहिजे. कापूस वेचून, निंदण करून, मातीकाम करून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनला ओळखू येत नाहीत. आता नव्या मशीनवर डोळ्यांनी ओळख पटवता येते, पण त्यालाही नेटवर्क लागतं, आणि ज्या गावी मनोऱ्याची रेंज येत-जात असते तिथे दुकानदारही हतबल असतो. कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा पुण्या-नागपूरला किंवा तेलंगणात कामाला गेलेल्या मुलाचं नाव कमी होईल, या धास्तीने घरोघर फोन फिरले. एक देश एक रेशन कार्ड या सोयीने त्या मुलाला तिकडेही धान्य मिळू शकतं, ही या यंत्रणेची चांगली बाजू. ऑगस्ट २०१९मध्ये या सोयीची सुरुवात ज्या जोड्यांनी झाली त्यांतली एक महाराष्ट्र-गुजरातची होती, दुसरी आंध्र-तेलंगणाची. ज्या मशीनमुळे आदिलाबादच्या बांधकामावरचा मजूर तिथेच धान्य उचलू शकतो, तेच मशीन त्याच्या आईला गावात अडवतं. दोष मशीनमध्ये नाही. ओळख पटली नाही तर दुसरा रस्ता कोणता, हे दुकानावर कोणी ठामपणे सांगत नाही, दोष त्यात आहे.

रोजगार हमीतही तेच. १ जानेवारी २०२४पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच, असा नियम झाला. नावातल्या स्पेलिंगचा फरक, बंद पडलेलं जनधन खातं, आधारला जोडलेली दुसरीच बँक, यांपैकी काहीही असलं तरी केलेल्या कामाचे पैसे अडतात. काम हातांनी केलेलं असतं. पैसे मिळायचे तर आधी कागद जुळले पाहिजेत.

सगळ्यात मोठा प्रयोग लाडक्या बहिणीचा. जून २०२४च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या महिलेला महिना १,५०० रुपये मिळतात. खर्चावर कसलीही अट नाही, हे या योजनेचं खरं मोठेपण आहे. मुकुटबनसारख्या गावात कित्येक बायांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला हिशेब न देता खर्च करता येईल असा पैसा आला. पण पहिलाच हप्ता जमा झाला आणि काही बँकांनी जुन्या कर्जात आणि किमान शिल्लकेच्या दंडात तो वळता करून घेतला. महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांना बँकांना तसं न करण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. खर्चाचं बंधन सरकारने घातलं नव्हतं. ते बँकेने परस्पर घातलं.

नंतर छाननी आली. घरात चारचाकी आहे का, दुसऱ्या योजनेचे पैसे मिळतात का, हे तपासलं जाऊ लागलं. नमो शेतकरी योजनेचा लाभ असलेल्या बाईला फरकापोटी ५०० रुपयेच मिळू लागले. जुलै २०२५मध्ये सरकारने सांगितलं की २६ लाखांवर नावं अपात्र आढळल्याने त्यांचा लाभ थांबवला आहे. त्यांत पुरुषांचीही हजारो नावं निघाली. खोटी नावं काढलीच पाहिजेत. पण १८ सप्टेंबर २०२५च्या निर्णयाने प्रत्येकीला ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्या जिल्ह्यात विधवांची संख्या एवढी मोठी, त्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला नको होता. नवरा नाही, बाप नाही, अशा बायांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेमार्फत देण्याची वाट नंतर निघाली, मुदत वाढवावी लागली. टाकून दिलेल्या बाईचं काय? तिच्याकडे ना मृत्यूचा दाखला, ना कोर्टाचा कागद. झरी-जामणी तालुक्यात तर फसवल्या गेलेल्या कुमारी मातांचा प्रश्न कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत येतो आहे. मदतीची सर्वाधिक गरज असलेल्या बाईलाच तिच्या पुरुषाचा पुरावा मागणारी अट पहिल्यांदा बाहेर काढते.

यावरून रोख चांगली आणि धान्य वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढायची घाई करू नये. रोखीची दुसरी बाजू महाराष्ट्राने आदिवासी वसतिगृहांत पाहिली आहे. एप्रिल २०१८मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. कागदावर हे स्वातंत्र्य होतं. प्रत्यक्षात पैसे उशिरा येत, तेवढ्या पैशांत शहरात दोन वेळचं जेवण होत नसे, घरच्या अडचणीत ते पैसे गावाकडे पाठवावे लागत, आणि अभ्यासाचा वेळ डबा शोधण्यात जाई. जुलै २०१८मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले ते खानावळ परत द्या, ही मागणी घेऊन. त्याच सुमाराला झारखंडात, रांचीजवळच्या नगडी भागात, धान्याऐवजी आधी रोख द्यायची आणि त्या पैशांनी दुकानातून धान्य घ्यायचं, हा प्रयोग लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. बँक, सेवा केंद्र आणि दुकान यांच्या फेऱ्यांत लोकांचे दिवस जात होते. रोख मदत तेव्हाच मोकळी असते जेव्हा ती वेळेवर येते, पुरेशी असते आणि ती काढायला अर्धा दिवस मोडावा लागत नाही. पोडावरून मुकुटबनला येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी हीही मदतीवरची कपातच आहे, जरी ती कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नसली.

आणि लोकांना वस्तू नको असतात असंही नाही. न मागितलेल्या वस्तू नको असतात. अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजना आली, तेव्हा २०२४मध्ये पालघर जिल्ह्यात आदिवासी महिलांनी त्या साड्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. आम्हाला काम द्या, शाळा आणि दवाखाने नीट चालवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढचं वळण आत्ताच दिसू लागलं आहे. ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेलं ई-रुपी हे ठरावीक कामासाठीच चालणारं डिजिटल व्हाउचर आहे. लसीसाठी दिलं तर लसीलाच, खतासाठी दिलं तर खतालाच. असा पैसा मोबाइलवरच कुलूपबंद येऊ शकतो. गळती रोखायला त्याचा उपयोग होईल. पण उद्या १७० रुपयांना, निराधारच्या १,५०० रुपयांना असं कुलूप लावायचं कोणी ठरवलं तर ते एका बटणाचं काम असेल, आणि गाय नको म्हणायला जेवढी जागा २००६मध्ये शेतकऱ्याला होती तेवढीही उरणार नाही. म्हणून धान्य की रोख, ही निवड कुटुंबाने वर्षातून एकदा ग्रामसभेत नोंदवावी आणि हवी तेव्हा बदलावी, अशी सोय आत्ताच मागायला हवी. विधवेच्या ठेवीबाबतही तेच: किती हातात, किती ठेवीत, हे तिने सांगावं, तलाठ्याने लिहून घ्यावं.

रोखीची किंमत टिकवण्याचा मार्ग कायद्यात आधीच लिहिलेला आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८नुसार हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो, आणि २०१५च्या नियमांनी तो भत्ता हमीभावाच्या सव्वापटीशी जोडला आहे. हमीभाव वाढला की भत्ताही वाढतो. पिवळ्या कार्डाच्या कोलाम कुटुंबाला अंगठा न उमटल्याने धान्य नाकारलं तर त्याला हा भत्ता मागता येतो, तालुक्याच्या दक्षता समितीपुढे जाता येतं, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला यांतलं काहीच लागू नाही. त्याचे १७० रुपये कायद्याने नाही, शासन निर्णयाने येतात. ते वाढवायला, अडवायला किंवा बंद करायला आणखी एक शासन निर्णय पुरेसा आहे. १४ जिल्ह्यांतल्या या शेतकऱ्यांची रक्कमही हमीभावाशी जोडा आणि धान्य परत घेण्याचा पर्याय त्यांना द्या, ही मागणी विधिमंडळात मांडायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.